मुलं सेवेसाठी परदेशी निघताहेत? आधी हिशेब मांडा

आठ मुलं आणि दोन जबाबदार मोठी माणसं अमरावतीहून रेल्वेने आणि बसने काठमांडूला बारा दिवसांसाठी गेली, तर दर मुलामागे साधारण साडेसत्तावीस हजार रुपये लागतात. विमानाने गेली तर पंचेचाळीस ते पन्नास हजार. चर्चच्या मंडळीच्या सभेत मात्र बहुतेक वेळा तिकिटाचाच आकडा सांगितला जातो. मग बाकीचा खर्च आईबाबांच्या अंगावर तुकड्यातुकड्याने येतो आणि शेवटच्या महिन्यात कोणाच्या तरी घरी सोनं गहाण ठेवायची वेळ येते. अशा सेवेसाठी कुठल्याही कुटुंबाने कर्ज काढू नये. पैसे जमले नाहीत तर मूल पुढच्या वर्षी जाईल.

पहिल्या खेपेला नेपाळच का? भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. 'नेपाळ व्हिसाची फी' म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका. लिपी देवनागरी असल्याने आपल्या पोरांना दुकानाची पाटी आणि बसवरचं गावाचं नाव वाचता येतं. भारताच्या 1 रुपयाला नेपाळचे 1 रुपया 60 पैसे हा दर 1993 पासून स्थिर आहे, त्यामुळे मुलांनाही हिशेब ठेवता येतो. तिथल्या बहुतेक मंडळ्यांची उपासना शनिवारी असते, कारण सुटीचा वार शनिवार. कार्यक्रम आखताना हे विसरलं, तर रविवारी चर्चच्या बंद दारासमोर उभं राहायची पाळी येते.

आता साडेसत्तावीस हजारांचा हिशेब. आकडे सध्याच्या बाजारभावावरून काढलेले आहेत, थोडे इकडेतिकडे होतील. पासपोर्ट, फोटो, झेरॉक्स आणि केंद्रावर जाण्यायेण्याचे 2,000. बडनेऱ्याहून भुसावळ आणि तिथून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, थर्ड एसीने जाऊन-येऊन 4,000. स्लीपरने यातले निम्म्याहून जास्त वाचतात. पण बारा-चौदा वर्षांच्या मुली सोबत असतील तर एसीच घ्यावा, हे माझं मत. गोरखपूर ते सीमेवरची सुनौली आणि पुढे काठमांडूची बस, दोन्ही वेळचे मिळून 2,500. वाटेतलं खाणं आणि सीमेवरचा एकेक मुक्काम 2,500. काठमांडूत सहा दिवसांचं राहणं-जेवण 5,000, तेही यजमान मंडळीने खोली दिली तर. तिथलं फिरणं 1,500, प्रवास विमा 700, गरम कपडे 1,500, यजमानांच्या हाती द्यायचं अर्पण 1,000. इथपर्यंत 20,700 होतात.

यानंतरचे दोन आकडे सभेत कोणी काढत नाही. सोबत जाणाऱ्या दोघा मोठ्यांचा पासपोर्ट आणि कपडे सोडून उरलेला खर्च प्रत्येकी सतरा हजारांच्या वर जातो. तो आठ मुलांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला 4,300 येतात आणि बेरीज 25,000 वर जाते. शिवाय दहा टक्के राखीव, म्हणजे आणखी 2,500. मूल आजारी पडलं, दरड कोसळून रस्ता बंद झाला, परतीची गाडी चुकली, तर ही राखीव रक्कमच उपयोगी पडते. ती घरच्यांकडे ठेवू नका, आधीच गोळा करून जबाबदार माणसाकडे द्या. मोठ्यांचा खर्च मंडळीने उचलला तर उत्तमच, पण तसा ठराव लेखी असावा.

मुलंमुली दोन्ही असतील तर सोबतच्या दोघांत एक बाई हवीच. त्या दोघांचीही पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या, मग ते कितीही ओळखीचे असोत, पाळकसाहेबांचे नातेवाईक असोत. कुठलंही मूल रात्री एकट्या मोठ्या माणसासोबत खोलीत राहणार नाही, हा नियम निघण्याआधी आईबाबांसमोर वाचून दाखवा. ज्यांना तो नियम अपमान वाटतो, त्यांना सोबत पाठवू नये.

खर्चापेक्षा जास्त घोळ कागदपत्रांत होतो, आणि आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत त्याचं एक खास कारण आहे. मुलाचं बाप्तिस्म्याचं नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसऱ्याच स्पेलिंगचं. कुठे आडनाव पुढे, कुठे वडिलांचं नाव गळालेलं. चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालत नाही. महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, टीसी आणि आधार हे तिन्ही कागद एका टेबलावर ठेवा आणि नावातलं एकेक अक्षर जुळवून बघा. आईबाबांच्या आधारवरची नावंही त्यांच्याशी ताडून पाहा. दुरुस्तीला लागणारे दोन-तीन महिने धरूनच निघायची तारीख ठरवा. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मदाखलाच लागतो, पण आज किशोरवयात असलेल्यांना टीसीसारखे इतर पुरावेही चालतात.

अमरावती आणि अकोला दोन्ही जिल्हे नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, वेळ घ्यायची आणि मूळ कागद घेऊन जायचं. 18 वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टची फी 1,000 रुपये. तो पाच वर्षं किंवा मूल 18 वर्षांचं होईपर्यंत चालतो, यातलं जे आधी येईल ते. मूल 15 वर्षांचं झालं असेल तर 1,500 रुपये भरून पूर्ण दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. सोळा वर्षांच्या मुलासाठी पाचशे रुपये जास्त भरणंच शहाणपणाचं, नाहीतर दोन वर्षांनी पुन्हा सगळं करावं लागेल. वर हिशेबात मी 1,500च धरले आहेत. तत्काळला आणखी 2,000 पडतात. चार महिने आधी सुरुवात केली तर त्याची गरज पडत नाही. अर्जासोबत आई आणि वडील दोघांच्या सहीचं संमतिपत्र लागतं. एकच पालक सही करणार असेल, तर त्यासाठी वेगळा नमुना आहे. आई एकटी मूल वाढवत असेल तर त्याची चौकशी पहिल्याच दिवशी करावी.

नेपाळला पासपोर्टशिवायही जाता येतं, विमानानेसुद्धा. 15 ते 18 वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं ओळखपत्र चालतं. तरी मी पासपोर्टच काढायला सांगेन. सीमेवरचा अधिकारी प्रश्न विचारू लागला की मूल गोंधळतं, आणि पासपोर्ट दाखवला की बोलणं तिथेच थांबतं. आईबाबा सोबत नसतील तर नोटरी केलेलं परवानगीपत्र जवळ ठेवा. त्यात मूल कोणासोबत, कुठे, किती दिवस जातं आहे आणि दवाखान्यात उपचाराचा निर्णय कोण घेईल, हे स्पष्ट लिहा.

आता कायदा. हे मुलांनाही समजावून सांगायला हवं. ऑगस्ट 2018 पासून नेपाळमध्ये लागू असलेल्या अपराध संहितेच्या कलम 158 नुसार धर्मांतर करवणं किंवा त्यासाठी प्रोत्साहन देणं गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 नेपाळी रुपयांपर्यंत दंड. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. म्हणून रस्त्यावर पत्रकं वाटणं नको, शाळेत जाऊन प्रार्थना घेणं नको, आणि कोणाचे फोटो 'विश्वासात आलेले' म्हणून स्टेटसला टाकणं तर मुळीच नको. आपलं पोर बारा दिवसांनी घरी येईल. खटला मागे राहिलेल्या नेपाळी पाळकावर चालेल. यजमान मंडळीने स्वतः बोलावलं असेल आणि काय करायचं ते त्यांनीच लिहून कळवलं असेल, तरच निघा. भिंती रंगवणं, स्वयंपाकघरात हात लावणं, उपासनेत गाणं, तरुण संघासोबत खेळ, एवढं तरुण पोरांना चांगलं जमतं.

कार्यक्रमात 'अनाथाश्रमाला भेट' असेल तर ती काढून टाका. नेपाळमधल्या बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आईवडील किंवा त्यांतला एक जण जिवंत असतो. पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून खेड्यातून मुलं आणली जातात, हे तिथे वर्षानुवर्षं उघड झालेलं आहे. आठवडाभर माया लावून निघून जाणारे पाहुणे त्या मुलांच्या भल्याचे नाहीत.

वऱ्हाडातल्या लोकांना हे समजणं अवघड जाऊ नये, कारण आपण शंभर-सव्वाशे वर्षं परदेशी मिशनऱ्यांचे यजमान होतो. अकोल्यात राहिलेल्या मिशनरी जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या हालांवर लिहिलेलं पुस्तक 1900 साली निघालं आणि त्याला पंडिता रमाबाईंनी प्रस्तावना लिहिली. ते वर्षानुवर्षं इथल्या घरांत वावरल्यानंतर लिहिलेलं पुस्तक होतं. बारा दिवसांत असं काही उभं राहत नाही, आणि मुलांकडून तशी अपेक्षा करणं त्यांच्यावरच अन्याय आहे. तिथे जाऊन ऐकायचं, बघायचं, सांगितलेलं काम नीट करायचं. मुलाला एवढंच सांगून पाठवलं, तर परत आल्यावर साक्ष देताना ते फुगवून बोलणार नाही.

याची तालीम घराजवळ करता येते, आणि खर्चातल्या सगळ्या पैशांत इथे घातलेला पैसा सर्वांत जास्त कामी येतो. अमरावतीहून परतवाडा एसटीने दीड-दोन तासांवर. जवळच कोठारा इथे द लेप्रसी मिशनचं कुष्ठरोग रुग्णालय आहे, आणि वर मेळघाटात कोरकू गावांतल्या मंडळ्या. आधी परवानगी घेऊन दोन-तीन शनिवार-रविवार पोरांना तिकडे न्या. दर खेपेला बस आणि जेवणाचे माणशी पाच-सहाशे रुपये धरा. साडेसत्तावीस हजारांत मी हे धरलेले नाहीत, कारण मूल नेपाळला गेलं नाही तरी ही तयारी करायलाच हवी. पहाटे थंड पाण्याने अंघोळ, ताटात येईल ते जेवण, भाषा न कळणाऱ्या आजीसोबत बसणं, दोन दिवस मोबाइल बाजूला. काठमांडूत सकाळ-संध्याकाळ डाळभात असतो. तिसऱ्या दिवशी पोर तोंड वाकडं करेल की नाही, हे मेळघाटातल्या मुक्कामातच कळतं. जे मूल तिथे रडून घरी फोन लावतं, त्याला या वर्षी थांबवावं, आणि तेही चारचौघांत न सांगता.

नेपाळी मंडळ्यांतला नमस्कार 'जय मसीह'. आपल्या 'जय ख्रिस्त'च्या सवयीला तो दोन दिवसांत जमतो.

कधी जावं? विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीला उघडतात, त्यामुळे परीक्षेनंतर मे महिना मोकळा मिळतो. जून ते सप्टेंबर नेपाळच्या डोंगरात पाऊस आणि दरडी, ते महिने टाळाच. दिवाळीच्या सुटीत हवा सुरेख असते, पण गोरखपूरच्या गाड्यांना तेव्हा दिवाळी-छठची तोबा गर्दी असते, आणि कापसाचे पैसे हाती यायच्या आधीच तिकिटं काढावी लागतात. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी सकाळी आठला उघडतं. एका तिकिटावर सहाच जण बसतात, म्हणजे दहा जणांना दोन तिकिटं. आयआरसीटीसीचं खातं आधारशी आधीच जोडून ठेवा. सुनौलीहून काठमांडूला रात्रीची बस स्वस्त आणि सोयीची वाटते. मुलं सोबत असताना डोंगराच्या त्या रस्त्यावर दिवसाच जा. हिशेबातला सीमेवरचा मुक्काम त्यासाठीच धरला आहे. नोटा 100च्या न्या, त्या कुठेही अडत नाहीत.

पैसे जमवायचे तर कापणीच्या सणाचा लिलाव आहे, बायकांची भिशी आहे, दर महिन्याला दोन हजार पोस्टात टाकणं आहे. परदेशातल्या ओळखीच्यांनी मदत देऊ केली, तर ती चर्चच्या साध्या खात्यात घेऊ नका. संस्थेला परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए नोंदणी लागते, आणि तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. चांगल्या मनाने घेतलेले वीस हजार संपूर्ण संस्थेला महागात पडू शकतात.

नेपाळपलीकडे जायचं असेल तर खर्च एकदम वर जातो. पूर्व आफ्रिकेच्या केनिया-युगांडासाठी पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र जन्मभर चालतं. ते नसेल तर परत आल्यावर सहा दिवस विलगीकरणात जावं लागू शकतं. युरोपचा शेंगेन व्हिसा 90 युरोंचा, शिवाय किमान 30,000 युरोंचा विमा आणि बोटांच्या ठशांसाठी मुंबईची फेरी. दर मुलामागे दीड-दोन लाख धरा. अमरावती धर्मप्रांतातल्या कॅथलिक घरांत सध्या सोलच्या जागतिक युवा दिनाची चर्चा असेल. तो 3 ते 8 ऑगस्ट 2027 ला आहे, म्हणजे ऐन शाळेच्या दिवसांत. लाखाच्या वर खर्च आहे आणि व्हिसासाठी आईबाबांचं बँकेचं स्टेटमेंटही लागेल. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर ती टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा होणारा प्राप्तिकर, वसूल करते. पॅन पैसे भरणाऱ्या पालकाचाच द्या, म्हणजे ती रक्कम विवरणपत्र भरून वळती करता येते.

पैसे भरण्याआधी संयोजकांकडून चार गोष्टी लेखी मागा. प्रत्येक बाबीचा खर्च, मूल आयत्या वेळी आलं नाही तर किती परत मिळेल, यजमान मंडळीचं पत्र, आणि परतल्यावर पंधरा दिवसांत मंडळीपुढे पावत्यांसह हिशेब. उरलेली राखीव रक्कम पालकांना परत जाईल की पुढच्या वर्षी एखाद्या गरीब घरच्या मुलासाठी ठेवली जाईल, हेही त्याच कागदावर निघण्याआधी ठरवून घ्या.