मुंबई–लंडन: जाताना वेळ जास्त का?

प्रश्न: मुलगा महाशिवरात्रीच्या जत्रेला लंडनहून येतोय. अंतर तेच, तरी येताना विमानाला तास कमी का लागतात?
– एक वाचक, कुणकेश्वर

उत्तर: मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. जाताना साधारण दहा तास लागतात, येताना नऊच्या आसपास. कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोत वाहतो आणि हिवाळ्यात तो अधिक जोर धरतो. येणाऱ्या विमानाला तो पाठीमागून रेटतो, जाणाऱ्याला समोरून अडवतो.

तिकिटावरच्या वेळांची थेट वजाबाकी मात्र करू नका. त्या स्थानिक असतात आणि हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं. रात्री दहाला तिथून निघालेलं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास मुंबईत उतरेल. कागदावर साडेचौदा तास दिसतील, प्रवास नऊच तासांचा.

खरी कसोटी मुंबईनंतरची. कोकण रेल्वेने कणकवली, तिथून देवगडमार्गे कुणकेश्वर. विमानाला उशीर झाला तर गाडी चुकते आणि जत्रेच्या दिवसांत दुसरं आरक्षण मिळणं कठीण. म्हणून त्याला निदान एक दिवस आधी मुंबईत पोहोचायला सांगा.