मेंढ्यांना दाणा : किती आणि कोणत्या रूपात?

रब्बी ज्वारीची काढणी आटोपली की सोलापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांतील रानांत दख्खनी मेंढ्यांचे कळप बसविले जातात. शेताला लेंडीखत मिळते, मेंढ्यांना पाला व सांडलेली कणसे मिळतात. ही पद्धत शेतकरी व मेंढपाळ या दोघांच्याही हिताची आहे. परंतु याच दिवसांत एखादा भुकेला कळप खळ्यावरील दाण्यावर तुटून पडतो आणि एक-दोन दिवसांत धडधाकट मेंढ्या दगावतात. अशा वेळी विषबाधेचा संशय घेतला जातो. खरे कारण पुष्कळदा दाण्याचे अपचन हेच असते.

मेंढी हे रवंथ करणारे जनावर आहे. तिच्या कोठीपोटातील असंख्य सूक्ष्म जंतू चारा आंबवून पचवितात. लांब चारा खाल्ल्यावर मेंढी अधिक वेळ रवंथ करते व भरपूर लाळ सुटते. लाळेतील क्षारांमुळे कोठीपोटातील आंबटपणा आटोक्यात राहतो. दाण्यातील पिष्ट मात्र झपाट्याने आंबते. सवय नसताना पोटभर दाणा गेल्यास लॅक्टिक आम्ल साचते, चारा पचविणारे जंतू मरतात आणि आम्ल रक्तात भिनते.

दाण्याच्या रूपालाही महत्त्व आहे. गाई-म्हशींच्या शेणातून न चावलेले दाणे बाहेर पडतात, म्हणून त्यांना भरडा देतात. मेंढी दाणा चांगला चावते. त्यामुळे मोठ्या मेंढीस मका अखंड दिला तरी चालतो. ज्वारीसारखा लहान, कठीण दाणा जाडसर भरडावा. पीठ कधीही देऊ नये. ते लवकर आंबते, चावावे लागत नाही व लाळही कमी सुटते. कडब्याचीही भुकटी न करता जाडसर कुट्टी करावी.

दाणा सुरू करताना पुढील काळजी घ्यावी :

१. आधी कडबा किंवा गवत द्यावे, नंतर दाणा.

२. प्रत्येक मेंढीस रोज ५० ग्रॅमपासून आरंभ करून दर तीन-चार दिवसांनी तेवढीच वाढ करावी. दोन-तीन आठवड्यांत २५० ग्रॅमपर्यंत जावे.

३. दिवसाचा दाणा दोन वेळांत विभागावा. गव्हाणीत सर्व मेंढ्यांना जागा असावी, नाहीतर दांडग्या मेंढ्या दुबळ्यांचा वाटा खातात.

४. काढणी झालेल्या रानात उपाशी कळप सोडू नये. खळे व पोती कुंपणाआड ठेवावीत.

५. दाणा वाढविण्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी. हा रोगही भरपूर दाणा खाणाऱ्या मेंढ्यांत व कोकरांत बळावतो.

मेंढी चारा सोडते, रवंथ थांबते, दात खाते, पोट फुगते, आंबूस वासाची पातळ हगवण लागते, चाल अडखळते, ही अपचनाची लक्षणे होत. दाणा तत्काळ बंद करून सुका चारा द्यावा व पशुवैद्यकास बोलवावे. खाण्याचा सोडा पाण्यातून पाजल्याने आम्ल कमी होते; मात्रा पशुवैद्यकास विचारूनच द्यावी. आडवी पडलेली मेंढी वाचविणे कठीण असते, म्हणून पहिल्या लक्षणालाच धावपळ करावी.

दाणा हे मेंढीचे पूरक अन्न आहे. तिचे मुख्य अन्न चाराच होय.