खुरपं लागलं नाही तरी सुई घ्या

आज खताच्या नाही, लसीच्या डोसबद्दल. परवा खुरपणीतल्या एक गरोदर ताई म्हणाल्या, "मला कुठं खुरपं लागलंय, सुई कशाला?" पण धनुर्वाताचे जंतू नुसते गंजात नसतात, माती-शेणखतात वर्षानुवर्षं टिकतात. नाळ अस्वच्छ पात्यानं कापली, वर राख-शेण लावलं, की बाळाला धोका. आईनं लस घेतली तर पोटातच बाळाला संरक्षण मिळतं.

दिवस राहिल्याचं कळताच टीडीचा (पूर्वीची टीटी) पहिला डोस, 4 आठवड्यांनी दुसरा. मागच्या गरोदरपणात दोन्ही घेतले असून 3 वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले तर एक बूस्टर पुरतो. उपकेंद्रात मोफत, वार आशाताईंना विचारा. दुसरा डोस बहुतेक खाड्याच्या भीतीनं राहतो. मालक मंडळी, त्या दिवसाची हजेरी कापू नका.