पहिलीचा अर्ज भरताना नववीची फी विचारा

शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत राखून ठेवलेल्या 25 टक्के जागांबद्दल पुण्यात दरवर्षी दोनच प्रश्न ऐकू येतात: लॉटरीत नंबर लागला का, आणि कुठल्या शाळेत? 2025-26 साठी राज्यात सुमारे 1 लाख 9 हजार जागांवर 3 लाखांहून अधिक अर्ज आले होते, तेव्हा पालकांचा जीव नंबरात अडकणं साहजिकच आहे. पण 2009 चा हा कायदा मोफत शिक्षण देतो ते आठवीपर्यंत. नववीत तेच मूल त्याच वर्गमित्रांबरोबर बसतं, फक्त आता त्याची पूर्ण फी घरातून जाते. म्हणून ऑनलाइन अर्जात शाळा निवडताना नावाआधी तिची नववी-दहावीची फी पाहावी, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळेच्या ऑफिसात जाऊन हा आकडा विचारायला संकोच नको.

यात एक मेख आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. आठवीत होणाऱ्या एनएमएमएस परीक्षेतून नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये मिळतात, पण ती शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेत आरटीईतून शिकलेलं गरीब मूल त्या अटीत बसतच नाही. यावर कुणी म्हणेल, मग सरळ महापालिकेची किंवा अनुदानित शाळाच बरी. चांगली शाळा घराजवळ असेल तर खरोखरच बरी. हक्क आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे असं नाही. मात्र आठ वर्षांची वाचलेली फी ही लहान रक्कम नव्हे. पहिलीपासून थोडं बाजूला टाकता आलं, किंवा आठवीनंतर कोणत्या अनुदानित शाळेत जायचं हे आधी ठरलेलं असलं, तर आरटीईची जागा सोडण्याचं कारण उरत नाही.

‘सरकारकडून पैसे येत नाहीत’ ही शाळांची तक्रार खोटी नाही. प्रतिपूर्तीचा दर मुलामागे वर्षाला 17,670 रुपये, आणि तोही वर्षानुवर्षं थकतो. पण हा हिशोब शाळा आणि सरकार यांच्यातला आहे. त्यापायी मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. शाळांना यातून मोकळं करण्याचा प्रयत्नही टिकला नाही: सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट, असा बदल राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 ला तो रद्द केला.

श्रीमंत मुलांत आपलं मूल बुजेल, ही भीती मात्र कोर्टात सुटणारी नाही. दिल्लीच्या शाळांवरचा गौतम राव यांचा 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की गरीब वर्गमित्र मिळालेली सधन मुलं अधिक उदार होतात, भेदभाव कमी करतात. गरीब मुलाच्या मनाबद्दल तो फार काही सांगत नाही, हेही मान्य करायला हवं. तिथे घरच्यांनाच लक्ष द्यावं लागतं. स्कूलबस, सहल, स्नेहसंमेलनाचा पोशाख हे खर्च आधीच धरून ठेवले तर मूल ऐन वेळी मागे राहत नाही.

बाकी काम कागदांचं. आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख रुपये आहे, म्हणजे महिना जेमतेम 8,300. पुण्यात सोसायटीचा वॉचमनही यापेक्षा जास्त मिळवतो, त्यामुळे ही मर्यादा गरजूंनाच बाहेर ठेवते. ती बदलेपर्यंत खोटा दाखला काढण्याच्या फंदात पडू नका. पडताळणीत सापडला की प्रवेश जातो. अनुसूचित जाती-जमाती, भटके विमुक्त, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग मुलांना उत्पन्नाची अट नाही, जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला मात्र लागतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचा भाडेकरार नोंदणीकृत हवा. साध्या स्टँपपेपरवर भागत नाही. आणि नकाशावरचा तो लाल फुगा नेमका आपल्या घरावरच ठेवा, कारण शाळेचं अंतर तिथून मोजलं जातं आणि पडताळणी समिती तेच पत्त्याशी ताडून पाहते.