तरुण मने आणि दहा बाय बाराची खोली

मुंबईतील तरुण-तरुणींच्या संबंधांविषयी लिहिताना बहुतेक जण नीतिमत्तेपासून सुरुवात करतात. मला मात्र चौरस फुटांपासून सुरुवात करावीशी वाटते. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या, तेव्हा एका कुटुंबाच्या वाट्याला सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली आली. संडास सामाईक. आईवडील, भावंडे, गावाहून नोकरीसाठी आलेला चुलता, सारे तेथेच निजत. अशा वस्तीत प्रेम ही दोघांचीच गोष्ट राहू शकत नाही. गॅलरीत कोण कोणाशी किती वेळ बोलले, हे सकाळी नळाला पाणी येण्याआधी सर्वांना ठाऊक झालेले असते.

चित्रपटांनी ही अडचण नेमकी हेरली. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ १९७० साली आला. त्यावरून बासू चटर्जींनी १९७२ मध्ये ‘पिया का घर’ केला. भरल्या घरात नवपरिणीत जोडप्याला निवांतपणा मिळत नाही, यावर प्रेक्षक पोटभर हसले. (त्यांतले कितीतरी तशाच घरी परतले असतील!) मला अधिक मोलाचा वाटतो तो भीमसैन यांचा ‘घरोंदा’, १९७७ चा. एकाच कचेरीतले सुदीप आणि छाया फ्लॅटसाठी पै-पै साठवतात आणि बिल्डर त्यांना फसवतो. तेव्हा सुदीप छायाला सुचवतो, की तिने आपल्या प्रौढ, आजारी मालकाशी लग्न करावे. तो फार दिवस जगणार नाही, पुढे पैसाही आपला आणि घरही. छाया लग्न करते, पण पुढे त्या नवऱ्यालाच आपला मानते. सुदीपला कोणी हीन म्हणतील. म्हणोत. त्याचे प्रेम खोटे होते, असे मला म्हणवत नाही. घराच्या हव्यासाने ते आतून पोखरले गेले, एवढेच.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले, गिरणगावातल्या मुली नोकरीला बाहेर पडल्या. पगार हाती आला. खोली तेवढीच राहिली.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. पाच माणसे, एक खोली. रात्री दिवा मालवला की प्रत्येकाच्या हातात मोबाईल उजळतो. कानातला इयरफोन हीच काय ती भिंत. भाऊ कोणाशी बोलतो हे आईला माहीत आहे आणि ते चालते. मी हसले तरी “कोण गं?” असा प्रश्न येतो.

कायदाही पुष्कळदा त्या गॅलरीसारखाच वागतो. भिन्नधर्मीय सज्ञान जोडप्याला १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करता येते. पण आधी ३० दिवसांची नोटीस, आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावायची. घरच्यांना चुकवून आलेल्या मुलीला ते ३० दिवस केवढे वाटत असतील!

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांत दोन बेडरूम आहेत. एक आईवडिलांची. दुसरीचे दार आतून लावण्याची मुभा बहुतेक घरांत मुलालाच मिळेल, असे माझ्या पाहण्यावरून वाटते.