मेक्सिकोचे ‘सोपे’ आणि चुन्याची किमया

मेक्सिकोत मक्याचा एक तळलेला पदार्थ घरोघरी करतात. त्याचे नाव ‘सोपे’. नाव मराठी वाटले, तरी शब्द तिकडचाच! जाडसर पुरी, तिला वाटीसारखी कडा आणि आत शिजवलेल्या घेवड्याचा लगदा, तिखट चटणी व चीज. मात्र साधे मक्याचे पीठ भिजवून तुम्ही सोपे करू गेलात, तर कडा उचलताच भेगा पडतील. असे का बरे?

गव्हाच्या कणकेत ग्लुटेन हे प्रथिन जाळे विणते. मक्यात ते नसते. ही उणीव मेक्सिकोतील लोक हजारो वर्षांपासून चुन्याने भरून काढत आले आहेत. 1 किलो वाळलेल्या मक्याला 3 लिटर पाणी आणि सुमारे 10 ग्रॅम खाण्याच्या चुन्याची पूड घेतात. आपण विड्याला लावतो तोच हा चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. मका अर्धा-पाऊण तास शिजवून रात्रभर त्याच पाण्यात ठेवतात. सकाळी चोळून धुतला, की साले सुटतात. या दाण्यांना ‘निश्तमाल’ म्हणतात. ते ओलेच वाटले, की छान चिकट गोळा तयार होतो.

येथे काय घडले? अल्कधर्मी पाण्याने सालातील हेमिसेल्युलोज विरघळले, थोडा स्टार्च फुगून चिकट झाला आणि पिठाला बांधणी आली. पण याहून मोठी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व बहुतांशी बद्ध स्वरूपात असते. ते आपल्याला पचत नाही. चुना ते मोकळे करतो.

1492 नंतर मका युरोपात गेला, पण चुन्याची रीत मागेच राहिली. मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. त्वचा खरबरीत होणे, अतिसार, बुद्धिभ्रंश आणि शेवटी मृत्यू! 1735 मध्ये स्पेनमधील गास्पार कासाल या वैद्याने त्याचे वर्णन केले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने हजारो बळी घेतले. रोग जंतूंचा नसून आहारातील उणिवेचा आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवले. ती उणीव निकोटिनिक आम्लाची, म्हणजेच नायसिनची, हे 1937 मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांच्या संशोधनातून उमगले.

आता कृती. चुना त्वचेला आणि डोळ्यांना इजा करतो, म्हणून मोठ्या माणसांना सोबत घ्या. भिंतीचा चुना मुळीच वापरू नका. भांडे स्टीलचे घ्या. अल्युमिनियमवर चुन्याची क्रिया होते.

वाटलेल्या गोळ्यात मीठ घालून मळा. लिंबाएवढा गोळा थापून तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा. गरम असतानाच, बेताने, कडा चिमटीने उचला. मग तेलात तळा. बुडबुडे येतील, ती पिठातील पाण्याची वाफ! ती बाहेर पडत असेतो तेलाला आत शिरणे अवघड जाते. बुडबुडे कमी झाले, की सोपे काढा.

साध्या मक्याच्या पिठाचाही एक गोळा करून पाहा. दोन्हींच्या कडा उचला आणि भेगा मोजा. चुन्याने काय केले, ते तुमची बोटेच सांगतील.