वाटेत चिखलदरा लागतो तेव्हा

वाशिमहून ओंकारेश्वर-उज्जैनला गाडीने निघालेली बहुतेक मंडळी अकोल्यावरून खंडव्याचा रस्ता धरतात. आम्ही वाट वाकडी करतो. मंगरूळपीर, कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, परतवाडा असं करत चिखलदऱ्याला मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी मेळघाटातून धारणीमार्गे पलीकडे. गाडी हे चालवतात. सोबत सासूबाई, दीर, जाऊबाई आणि मागच्या सीटवर लेकरं. अशा लवाजम्यासह घाटावर रात्र काढायची तर काय सांभाळावं, ते लिहिते.

१. कारंज्याचा वेळ हिशेबात धरूनच निघा.

नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान वाटेवर असताना गुरुमंदिरासमोरून गाडी तशीच पुढे काढणं आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्या सुनेला जमलंय असं मला वाटत नाही. दर्शन होतं, प्रसाद होतो, सासूबाईंना दूरच्या नात्यातलं कुणीतरी भेटतंच. ‘दुपारी बाराला चिखलदरा’ असं ठरवणाऱ्या पुरुषांची इथेच चिडचिड सुरू होते. त्यापेक्षा उजेडात घाट चढायचा एवढंच ठरवावं.

२. जे काही घ्यायचं ते परतवाड्यात.

पेट्रोल, रोख पैसे, गोळ्या-औषधं, सगळं. वर गेल्यावर फोनला रेंज असेलच असं नाही, आणि रेंज नसली की फोनवरून पैसे देणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. परतवाड्यातून वर जायला दोन रस्ते आहेत, एक धामणगाव गढीवरून आणि दुसरा घटांगवरून. गर्दीच्या दिवसांत कोणता चालू आहे ते खालीच विचारावं. लेकरांना घाटाआधी भरपेट जेवू घालू नये. पोळीचा एखादा तुकडा आणि आवळ्याची सुपारी पुरे. बाकीचं जेवण वर.

३. खोली घेताना खिडकीतून काय दिसतं ते नंतर बघा, आधी नळ सोडून बघा.

चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर, म्हणजे आपल्या वाशिमच्या जवळपास दुप्पट उंचीवर. १८२३ साली हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने ही जागा हेरली आणि पुढे वऱ्हाडातले गोरे साहेब उन्हाळ्यात इथे येऊन राहू लागले. तेव्हापासून आपल्याकडे ‘मे महिन्यात चिखलदरा’ हे समीकरण पक्कं झालंय. वाशिमची काहिली सोसून वर गेलं की बरं वाटतं हे खरं, पण उन्हाळ्यात इथे पाण्याची मारामार असते. पावसाळ्यात धो-धो पडतं आणि काळ्या खडकावरून सगळं दरीत निघून जातं. एका लॉजवर मे महिन्यात आम्हाला माणशी एक बादली मिळाली होती, तीही मागितल्यावर. मॅनेजर वर आम्हालाच म्हणाला, “तुम्ही जुलैत याले पाह्यजे होतं.” बोलला ते खोटं नव्हतं. मात्र जुलै-ऑगस्टमधले शनिवार-रविवार टाळावेत. त्या दिवसांत गाड्यांची रांग घाटातूनच लागते आणि खोल्यांचे भावही चढलेले असतात. मंगळवार-बुधवार उत्तम.

४. पॉइंटची यादी फाडून टाका.

देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, हरिकेन पॉइंट, प्रॉस्पेक्ट पॉइंट, पंचबोल, भीमकुंड... ही सगळी नावं हॉटेलवाला एका दमात म्हणून दाखवतो आणि दीर कागदावर उतरवून घेतात. मग दिवसभर गाडीतून उतरा, फोटो काढा, पुन्हा गाडीत बसा. पावसाळ्यात तर प्रत्येक ठिकाणी कठड्यापलीकडे तेच पांढरं. एका पॉइंटवर सासूबाई काठी टेकवत कठड्यापर्यंत आल्या, क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, “घरी चुलीजवळ बसली असती त एवढाच धूर दिसला असता.”

आता आम्ही वाटणी करतो. सासूबाईंना देवी पॉइंट. खडकाखालच्या देवीपाशी वरून पाणी ठिबकत असतं, तिथे त्या निवांत बसतात. पायऱ्या ओल्या असतात, तेव्हा एकाने त्यांचा हात धरायचा आणि त्याने फोटो काढायचे नाहीत. लेकरांना पंचबोल. तिथे ओरडलं की आवाज दऱ्यांतून फिरून पुन्हा पुन्हा परत येतो. लेकरं आधी स्वतःचं नाव ओरडतात, मग एकमेकांना शिव्या देतात, आणि त्या शिव्या डोंगर इमानदारीने परत करतो. कुठल्याही बागेपेक्षा हा खेळ जास्त वेळ चालतो. भीमकुंडावर भीमाने कीचकाला मारून हात धुतल्याची गोष्ट सांगायची, बस्स. बाकीचे पॉइंट राहिले तर राहिले.

५. गाविलगडाला मात्र अर्धा दिवस द्या, निदान ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी.

या किल्ल्यावर गर्दी कमी, कारण तिथे भजी मिळत नाहीत. मोठी तळी, भग्न मशीद, तोफा आणि दरवाज्यावर कोरलेलं दोन तोंडांचं गंडभेरुंड. लेकरांना इतिहास सांगायचा तर नकाशाच हाताशी असतो. किल्ला नागपूरकर भोसल्यांचा. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने त्याला वेढा घातला. बाकी बाजूंना कडे, पण उत्तरेला डोंगर पठाराशी जोडलेला. इंग्रजांनी तोफा डोंगरातून ओढत त्याच बाजूला नेल्या आणि तट फोडला. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना कामी आला. त्यानंतर पंधरा दिवसांनी, ३० डिसेंबरला, भोसल्यांच्या बाजूने लढणाऱ्या शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो सुर्जी-अंजनगावला, म्हणजे सकाळी आपण जिथे चहा प्यायलो तिथे. हे सांगितल्यावर माझ्या पुतण्याने विचारलं, “मग तिथं पाटी काऊन नव्हती?” त्याच्या काकांनी उत्तर न देता पाण्याची बाटली पुढे केली.

६. खवा घ्यायचा तो भट्टीवर, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पुढे करून.

या डोंगरांत गवळी समाज पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखत आलाय. मोथा गावाच्या बाजूला रस्त्याकडेला थांबलं की लाकडाच्या जाळावर मोठी लोखंडी कढई दिसते. दूध आटत असतं आणि कढईजवळचा माणूस उलथनं फिरवायचं थांबत नाही, गिऱ्हाइकाशी बोलतानाही नाही. थांबला की तळाला लागलंच. आम्ही भाव विचारत होतो तेवढ्यात सासूबाईंनी चिमूटभर खवा अंगठा आणि बोटामध्ये चोळला, वास घेतला, मग बोटं आमच्यासमोर धरली. तुपाने चकचकत होती. “हा आजचा हाये. तो तिकडचा ठेवलेला हाये, तो नोको.” विकणारा हसला आणि स्वतःच आजच्यातला तोलू लागला. त्या दिवसभरात त्यांच्या मताला किंमत आली ती इथे; पॉइंटवर आम्ही त्यांना नुसतं सांभाळत होतो. रबडी तिथेच खावी. कॉफीही प्यावी, विदर्भात कॉफीची झाडं बघायची तर चिखलदराच.

७. कचऱ्याची पिशवी गाडीतच ठेवा.

गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव अंजनगाव सुर्जी तालुक्यातलंच, म्हणजे आपल्या वाटेवरचं. आणि वर प्रत्येक कठड्याखाली कुरकुऱ्यांची पाकिटं, खाल्लेली कणसं, बाटल्या. माकडांना खायला घालणं हाही कचराच. एकदा खाऊची चटक लागली की ती हातातली पिशवी ओढतात, आणि मग ‘माकडं फार माजलीत’ म्हणायला आपणच मोकळे.

८. मेळघाट दिवसा ओलांडा.

सेमाडोह, हरिसाल, धारणी हा रस्ता व्याघ्र प्रकल्पातून जातो. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी हा एक, १९७४ पासूनचा. रात्रीच्या वाहतुकीचे नियम निघण्याआधी विचारून घ्यावेत, हॉर्न आवरावा, गाणी बंद. वाटेत कोरकूंची गावं लागतात. समोरासमोर घरांच्या दोन ओळी, मातीने सारवलेल्या भिंती. गाडीतून उतरून तिथल्या लेकरांना चॉकलेटं वाटत फोटो काढणारे पर्यटक मी पाहिलेत. आपल्या अंगणात येऊन कुणी आपल्या लेकरांसोबत असं केलं तर आपण त्याला चहा विचारू का, एवढं मनात आणावं.

धारणीला पुन्हा टाकी बघावी आणि डबाही उघडून बघावा. उन्हाळ्यात खवा तोवर आंबट व्हायला लागतो. सासूबाईंचं त्यावरही उत्तर तयार असतं: बऱ्हाणपूरला मावा जिलबी मिळते, गाडी तिकडून घ्या.